कोवळ्या वयाची पहिलटकरीण

चि. छकुलीस,

केसपेपरवर वय एकोणीस लिहिलंय आणि पोर सोळाची दिसते, तर काय करायचं, असं तू विचारलंस. बीडला हा प्रश्न तुला वारंवार पडेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या बायकांपैकी (वय २० ते २४) जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. तुमच्या जिल्ह्यात तर त्याहून बरंच जास्त. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, म्हणून लग्नाची घाई; आणि आईबाप ऊसतोडीला गेले की वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची हा घोर असतोच.

अशी पोर दवाखाना टाळते. खरं वय कळलं की पोक्सोखाली पोलिसांना कळवावं लागतं, नवरा आत जाईल, ही घरच्यांना धास्ती. कायदा हवाच, तुला कळवावंही लागेल. पण त्या भीतीपायी नाव उशिरा नोंदलं जातं, रक्त तपासलं जात नाही, बीपी कुणी बघत नाही, आणि कळा सुरू झाल्यावर ती थेट झटके घेऊनच येते. कोवळ्या पहिलटकरणीला हा धोका मोठ्या बाईपेक्षा जास्त. म्हणून डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे सासूला नको, तिलाच विचार. झटक्यांसाठी मॅगसल्फ हाताशी ठेव.

वय लहान एवढ्यावरून सिझर ठरवू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे जोराच्या कळांचा टप्पा पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरायचा. सरसकट कट द्यायचा नाही, पोट दाबायचं नाही. आणि ओरडली म्हणून तिला कुणी घालूनपाडून बोललं, मांडीवर चापट मारली, तर तिथल्या तिथे थांबव. मी लेबर रूममध्ये हे फार पाहिलंय. असं वागवलेली पोर दुसऱ्या खेपेला घरीच बाळंत होते. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला २०१६ पासून परवानगी आहे. तिच्या आईला आत घे.

घरी सोडण्याआधी सासूला बाहेर बसवून पाळणा लांबवण्याचं बोल. तांबी तिची तयारी असेल तरच. अंतरा इंजेक्शन अंगावर पाजणारीला दीड महिन्यानंतर देतात, तोवर ती उसाच्या फडात असेल. कार्डावर तारीख लिही, आणि ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा नको, तिच्या आईचा फोन नंबर घे.

तुझी मावशी