रमाबाईंनी कोणाला शिकवावे?

पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारातल्या एका वादापाशी मी नेहमी अडते. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील यांच्या मनात आले, की रमाबाईंनी तरुण मुलग्यांनाही शिकवावे. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात हे कळले तर लोक नाके मुरडतील, बाईंच्या शब्दाला तिथे वजन उरणार नाही, असा एकूण सूर.

आणि ही बाई कोण? बायकोला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्र्यांपुढे जाब द्यावा लागलेल्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक. गावोगाव पुराणे सांगत फिरलेली, 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरवलेली. तिने बीलबाईंना कळवले ते असे: आईने किंवा मी तरुणांना शिकवण्यात माझ्या वडिलांना, नवऱ्याला काही गैर वाटले नाही; मग इंग्रजांना का वाटावे?

खरे तर बिशपांच्या हाताशी बायबलमधले प्रेषित पौलाचे वचन होतेच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात तो स्त्रियांना मंडळीत गप्प राहायला सांगतो; तीमथ्याच्या पत्रात शिकवायलाही मनाई करतो. उलट त्याच करिंथकरांच्या पत्रात, 11व्या अध्यायात, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रिया आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला नवऱ्यासोबत अपुल्लोससारख्या वक्त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगते. कोणी म्हणते, ती मनाई त्या एका मंडळीतल्या गोंधळापुरती. कोणी म्हणते, ती सर्वकाळाची. दुसऱ्या मताची माणसे मला ढोंगी वाटत नाहीत. मनापासून तसे मानणाऱ्या बायकाही आहेत. त्यांच्याशी भांडता येते, कारण भांडताना दोघांपुढे एकच पुस्तक उघडे असते.

‘लोक काय म्हणतील’ याच्याशी भांडायचे कसे? ते लोक कधी समोर येत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणाराच समोर असतो, आणि मनाई आपली नाही, असे तो नम्रपणे सांगतो.

पुस्तकावरचे भांडण मात्र पुढे सरकते, सगळीकडे सारखे नसले तरी. चर्च ऑफ इंग्लंडने स्त्रियांना 1994 मध्ये पाळकदीक्षा दिली, 2015 मध्ये बिशपपद. चर्च ऑफ साउथ इंडियात 2013 मध्येच एक स्त्री बिशप झाली. कॅथलिक चर्चने मात्र 1994 मध्ये स्त्रियांना पाळकदीक्षा नाही, हे पुन्हा बजावले.

रमाबाईंनी पुढे केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण छापून निघाले. पौलाची मनाईही त्यात आहे. ती बाईंनी गाळली नाही, कारण वचनाशी झगडायचे तर आधी ते समोर हवे. लोकांच्या नावाने आलेल्या मनाईला मात्र त्यांनी जणू एवढेच विचारले: कोणते लोक?