उन्हाळ्यापुरती पोरं

जॉन्सन सिटी, टेनेसी
८ जुलै

ती. नानामामा,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. इथल्या बेसबॉलच्या मैदानाचा फोटो पाठवल्यावर तुम्ही ‘छान’ म्हणून सोडून देणार नाही, हे ठाऊक होतं. पण तुम्ही नेमका वर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारलात: या गावाच्या संघात या गावची पोरं किती? तालुक्याच्या सामन्यांत अंपायरिंग करत आयुष्य काढलेल्या माणसाला आधी हेच विचारावंसं वाटणार. उत्तर असं, की जवळजवळ एकही नाही. आज नाही, पन्नास वर्षांपूर्वीही नव्हतं. आणि तरी ही लीग शंभर वर्षांहून अधिक काळ पडत-उठत चालली आहे. कशी, ते सांगते. थोडं लांबेल.

अ‍ॅपलॅचियन लीग हे तिचं नाव. टेनेसीचा पूर्वेकडचा कोपरा, व्हर्जिनियाचं नैऋत्य टोक, वेस्ट व्हर्जिनियाचा दक्षिण भाग आणि पुढे नॉर्थ कॅरोलायनातलं बर्लिंग्टन, एवढा तिचा मुलूख. सगळा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा, रेल्वेचा, गिरण्यांचा. ब्रिस्टल नावाच्या गावात मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्याची सीमा जाते. एका फुटपाथवर व्हर्जिनिया, समोरच्या फुटपाथवर टेनेसी. ब्लूफील्ड हे शहर वेस्ट व्हर्जिनियात आणि त्याचं मैदान, बोवेन फील्ड, व्हर्जिनियात! हवा थंड म्हणून त्या शहराला इतका अभिमान, की पारा ९० फॅरनहाइटच्या वर गेला तर तिथलं चेंबर ऑफ कॉमर्स लोकांना फुकट लिंबू सरबत पाजतं. आपले ३२ अंश सेल्सिअस म्हणजे फाल्गुनातला गारवा, पण असो.

लीग सुरू झाली १९११ साली. तेव्हा अमेरिकेत मेजर लीगच्या खाली लहान लीगांची उतरंड होती आणि त्यात ही अगदी तळाच्या ‘डी’ वर्गात. जॉन्सन सिटी, ब्रिस्टल, नॉक्सव्हिल अशा गावांतल्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून संघ उभे केले. तिकिटांवर पगार भागायचे नाहीत, म्हणून एखादा पोरगा चमकला की त्याला वरच्या क्लबला विकायचं आणि त्या पैशावर पुढचा हंगाम ढकलायचा. म्हणजे पोरं बाहेरची असली तरी मालकी गावाची होती, हे लक्षात ठेवा. १९१४ साली लीग बंद पडली. १९२१ ला परत सुरू झाली, १९२५ ला परत बंद. १९३७ ला तिसरा जन्म.

हा तिसरा जन्म वेगळा होता, आणि त्याला कारण ब्रँच रिकी नावाचा माणूस. त्याला तुम्ही जॅकी रॉबिन्सनमुळे ओळखता. काळ्या खेळाडूला मेजर लीगचं दार उघडणारा तो हाच. पण त्याआधी सेंट लुईस कार्डिनल्समध्ये असताना त्यानं वेगळाच उद्योग केला होता. लहान क्लबांकडून महागडे खेळाडू विकत घेण्यापेक्षा लहान क्लबच आपल्या ताब्यात घ्यायचे, शेकडो पोरं पोसायची, त्यातली मूठभर वर काढायची. याला इथे ‘फार्म सिस्टिम’ म्हणतात. बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांना हे मुळीच पटत नव्हतं. लहान गावांचे संघ मोठ्यांचे बांधील होतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि १९३८ साली त्यांनी कार्डिनल्सच्या डझनावारी खेळाडूंना करारातून मोकळंही केलं. माझ्या मते लँडिस बरोबर होते आणि तरीही हरणार होते. कारण गावांनाच हा बांधीलपणा हवा होता. पगाराची चिंता दूरच्या कुणीतरी वाहिली, तर मैदानाचं आणि दिव्यांचं आपण पाहू, एवढाच त्यांचा हिशेब.

या हिशेबात एक मेख होती. संघ पहिल्या नंबरावर आहे, हंगाम रंगात आला आहे, आणि वरून निरोप येतो: तुमचा पिचर उद्यापासून दुसरीकडे. गावानं काय म्हणायचं? काही नाही. खेळाडू त्यांचा.

ब्रिस्टलची गोष्ट ऐका. १९५२ चा मे महिना. रिकी आता पिट्सबर्ग पायरेट्सकडे होता आणि ब्रिस्टलचा संघ पायरेट्सच्या ताब्यात. त्यात रॉन नेचाय नावाचा पेनसिल्व्हेनियाचा एकोणीस वर्षांचा पिचर. उंच, सडपातळ आणि पोटात अल्सर. १३ मेच्या रात्री वेल्च या कोळसा-गावाचा संघ आला होता. नेचायचं पोट इतकं दुखत होतं, की इनिंगच्या मध्ये त्याला दूध पाजावं लागत होतं. त्या अवस्थेत त्यानं नऊ इनिंगमध्ये २७ बॅटर ‘स्ट्राइकआउट’ केले. एकही हिट दिला नाही. सामना ७-०.

आता तुमच्यातला अंपायर जागा झाला असेल. नऊ इनिंग, प्रत्येकी तीन, म्हणजे २७ आउटच असतात. मग सगळेच स्ट्राइकआउट का? तर तसंही नाही. दुसऱ्या इनिंगमध्ये एक बॅटर साध्या ग्राउंडरवर आउट झाला होता. मग २७ कसे भरले? बेसबॉलमध्ये तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो आणि पोचला तर आउट नाही. पण पिचरच्या खात्यावर स्ट्राइकआउट लागतोच. नवव्या इनिंगमध्ये नेमकं हेच झालं. म्हणून त्या इनिंगमध्ये त्याला चार स्ट्राइकआउट मिळाले आणि हिशेब जुळला. व्यावसायिक बेसबॉलमध्ये नऊ इनिंगच्या सामन्यात हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. वर गंमत अशी, की त्याच महिन्यात त्याच संघातल्या बिल बेल या पिचरनं लागोपाठ दोन ‘नो-हिटर’, म्हणजे एकही हिट न देता पुरे केलेले सामने, टाकले. ब्रिस्टलकरांनी एका महिन्यात जे पाहिलं, ते न्यूयॉर्ककरांनी जन्मात पाहिलं नाही.

पुढे काय होणार हे तुम्ही ओळखलंत. पिट्सबर्गनं नेचायला उचललं. ब्रिस्टलला त्यानं जेमतेम ४३ इनिंग टाकल्या होत्या आणि त्यात १०९ स्ट्राइकआउट घेतले होते. आधी वरच्या एका लीगमध्ये आणि ऑगस्टमध्ये थेट मेजर लीगमध्ये. तिथे एक विजय, सहा पराभव. मग सैन्यात बोलावणं, अल्सरमुळे सुटका, मग खांदा गेला. मेजर लीगमध्ये तो परत कधीच खेळला नाही. त्याला त्या उन्हाळ्यापुरतं ब्रिस्टलमध्येच राहू दिलं असतं तर? असं मनात येतं खरं. पण त्याला ब्रिस्टलमध्ये आणलं होतं तेच मुळी तिथून नेण्यासाठी.

तोवर सगळ्याच लहान लीगांना उतरती कळा लागली होती. १९४९ साली देशभरात जवळपास साठ लीग होत्या आणि वर्षाला चार कोटींच्या आसपास प्रेक्षक. मग घरोघर टीव्ही आला आणि त्यावर थेट मेजर लीग दिसू लागली. पाच मैलांवरच्या मैदानात डास मारत बसायचं कशाला? अ‍ॅपलॅचियन लीग १९५५ नंतर तिसऱ्यांदा बंद पडली आणि १९५७ साली पुन्हा उभी राहिली. १९६२ मध्ये मेजर क्लबांनी लहान संघांतल्या खेळाडूंच्या खर्चाची जबाबदारी रीतसर अंगावर घेतली. १९६३ पासून ही ‘रूकी’ लीग झाली. नुकत्याच करारबद्ध झालेल्या पोरांची, जूनच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑगस्टअखेर संपणारी.

तेव्हापासून ही गावं म्हणजे आजोळ झाली, मामा. सुटीत भाचरं यायची, अंगण दणाणून सोडायची आणि निघून जायची.

आणि भाचरं तरी कसली कसली! १९६१ साली क्युबाहून टोनी ओलिव्हा आला. खरं नाव पेद्रो. भावाच्या कागदपत्रांवर देशाबाहेर पडलेला. मिनेसोटाच्या ट्विन्स क्लबनं त्याला सराव-शिबिरातूनच नारळ दिला होता. इकडे अमेरिका-क्युबाचं बिनसलेलं, परत जायची सोय नाही. कुणीतरी मध्ये पडून त्याला विथव्हिलला, व्हर्जिनियातल्या चिमुकल्या गावात धाडलं. इंग्रजी येत नाही, आणि दक्षिणेतल्या हॉटेलांत काळ्या माणसाला मज्जाव असण्याचा तो काळ. त्यानं .४१० च्या सरासरीनं फटके मारले. दहा वेळा बॅट धरली की चार वेळा हिट, असं समजा. तीन वेळा मारणाऱ्यालासुद्धा इथे डोक्यावर घेतात. तीनच वर्षांत तो मेजर लीगच्या एका गटात, अमेरिकन लीगमध्ये, पहिल्या नंबरचा बॅटर झाला. १९६५ मध्ये मॅरियन गावात अठरा वर्षांचा नोलन रायन होता. सहा सामने हरला, तीन जिंकला. पुढे ५,७१४ स्ट्राइकआउट घेऊन ज्याचा विक्रम आजही कुणाच्या आवाक्यात नाही, तोच हा. आणि १९७८ साली ब्लूफील्डला सतरा वर्षांचा कॅल रिपकेन ज्युनियर: ६३ सामन्यांत होमरन शून्य, क्षेत्ररक्षणात तीसहून जास्त चुका. तो पुढे सलग २,६३२ सामने खेळला. तेव्हा ब्लूफील्डच्या बाकांवर बसून त्याला शिव्या घालणारे लोक म्हातारपणी ‘आम्ही तेव्हाच ओळखलं होतं’ म्हणत असतील, यात मला शंका नाही.

पण ही झाली नावाजलेली. बहुतेकांची कहाणी कुणी लिहीत नाही. बाहेरून आलेली पोरं गावातल्या कुटुंबांकडे राहायची, बसनं हिंडायची, आणि एका सकाळी मॅनेजर खोलीत बोलावून सांगायचा, की तुझं संपलं. पगार अगदी २०२० पर्यंत आठवड्याला २९० डॉलर, तोही फक्त हंगामापुरता. किमान वेतनाचा कायदा आड येऊ नये म्हणून २०१८ साली अमेरिकी संसदेनं या खेळाडूंना त्यातून वगळणारी तरतूद केली, आणि तिचं नाव ठेवलं, देशाचा आवडता खेळ वाचवण्याचा कायदा! नाव वाचून मला आपल्याकडचे कितीतरी कायदे आठवले.

कायद्यानं खेळ वाचला असेल. लीग नाही वाचली. २०१९ च्या शरद ऋतूत बातमी फुटली, की मेजर लीग चाळीसहून अधिक लहान संघांशी संबंध तोडणार. अ‍ॅपलॅचियनचे जवळजवळ सगळे संघ त्या यादीत होते. मैदानं जुनी, दिवे मंद, कपडे बदलायच्या खोल्या अपुऱ्या, अशी कारणं दिली गेली. खरं कारण माझ्या मते साधं होतं: यंत्रांनी चेंडूचा वेग नि गिरकी मोजून पोरं पारखता येऊ लागली, तेव्हा एवढी पोरं पोसायची कशाला? नंतर कोविड आला, २०२० चा हंगाम झालाच नाही, म्हणजे निरोपाचा सामनासुद्धा नाही. त्या सप्टेंबरात जाहीर झालं, की पुढच्या वर्षापासून ही कॉलेजातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूंची उन्हाळी लीग असेल. लाकडी बॅट, पगार नाही.

मोठ्या क्लबांची नावं गेली, तेव्हा गावांना कितीतरी वर्षांनी स्वतःची नावं शोधावी लागली. फोटोतली विचित्र नावं ती हीच. मोज्यांच्या गिरण्यांच्या बर्लिंग्टननं ‘सॉक पपेट्स’ घेतलं. सीमेवरचं ब्रिस्टल ‘स्टेट लायनर्स’ झालं. आमचं जॉन्सन सिटी झालं ‘डोबॉइज’, म्हणजे पहिल्या महायुद्धातले अमेरिकी शिपाई. आणि १९११ च्या संघाचं नाव होतं ‘सोल्जर्स’.

माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ लहानपणापासून इथे सामने पाहत आले. आता ते फिरकत नाहीत. म्हणतात, हे खोटं आहे. यातून कुणी उद्या थेट वर जाणार नाही. मी त्यांच्याशी वाद घालते. वर जाणं हा पिट्सबर्गचा आणि मिनेसोटाचा फायदा होता, तुमचा काय होता? पोरं तेव्हाही परकी, आताही परकी. निदान आता भर हंगामात तुमचा पिचर कुणी वर ओढून नेत नाही, आणि कुणाला खोलीत बोलावून ‘तुझं संपलं’ म्हणत नाही. ऑगस्टात सगळी आपापल्या कॉलेजात परत जातात. ते मान हलवतात आणि म्हणतात, की ‘तुझं संपलं’ म्हणायची भीती होती म्हणून तर ती पोरं तशी खेळायची. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. तुमच्याकडे असलं तर कळवा.

मामींना नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं म्हणताय तर करूनच टाका. इकडे यायचं ते जूनमध्ये या, कारण हंगाम आता जुलैअखेरच आटोपतो. सामना सात-साडेसातला सुरू होतो, पायऱ्या फार नाहीत.

तुमची,
चिमी