बांबू हलवून बघणारा माणूस

मंडळी, यात्रांचा सीझन तोंडावर आलाय, म्हणून हे लिहितोय. थोडं लांब आहे, पण शर्यतीला जाणाऱ्यांनी आणि विशेषतः यात्रा कमिटीत असणाऱ्यांनी वाचावं.

बैलगाडा शर्यत माझ्या जिवाभावाची. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बंदी घातली तेव्हा हळहळलो, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा गावात गुलाल उधळणाऱ्यांत मीही होतो. १८ मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल आला आणि सगळ्यांना वाटलं, चला, आता कायमचं मिटलं. पुसेगावपासून कवठेमहांकाळपर्यंत मैदानं पुन्हा भरू लागली. त्यामुळं शर्यतीच्या विरोधातला माणूस म्हणून मला कुणी वाचू नये.

आमच्या गावच्या मैदानात दोन वर्षांपूर्वी बॅरिकेडची जबाबदारी माझ्याकडं होती. आदल्या दिवशी पोरांना घेऊन दोन्ही बाजूंना बांबू रोवले, आडवे वासे बांधले, निशाणाजवळ लोखंडी जाळी लावली. सकाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो, प्रत्येक बांबू धरून हलवला. एकदम टणक.

चूक त्यानंतर झाली. गटाच्या फेऱ्या संपेपर्यंत दुपार झाली. सकाळपासून माणसं त्या वाशांवर रेलून उभी, पोरं वर चढून बसलेली. खाली मुरूम, त्यात बांबू जेमतेम फूटभर गेलेला. अशा ठिकाणी दर धक्क्याला बुंध्याजवळचं भोक थोडं रुंद होतं आणि बायंडिंग तारेचा पीळ सुटत जातो. लांबून काही कळत नाही, हात लावला तरच कळतं. सेमी फायनलच्या आधी पुन्हा फेरी मारायची, असं ठरलं होतं. पण तेवढ्यात पाहुणे आले, सत्कार सुरू झाला, माझंही नाव पुकारलं. फेटा बांधून मी स्टेजवर उभा राहिलो.

पुढच्या फेरीत एक जोडी चाकोरी सोडून डावीकडं ओढली गेली. बैल कुंपणाला नुसते घासून गेले, धडक म्हणावी अशी नव्हतीच. पण तीन बांबू एकदम आडवे झाले आणि मागची माणसं पुढं कोसळली. त्यांच्या खाली बारा वर्षांचा एक पोरगा सापडला. मांडीचं हाड मोडलं. बैलाच्या बरगडीलाही तारेचं टोक लागलं, कारण गाठी आम्ही आतल्या बाजूला मारल्या होत्या. दवाखान्यात पोराचे वडील मलाच म्हणाले, "भाऊ, तुमचा काय दोष? गर्दीच लई होती." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझा मावसभाऊ टोरांटोजवळ आईस हॉकीच्या मैदानावर देखभालीला आहे. बर्फाच्या कडेनं छातीएवढ्या फळ्या, वर जाड काच. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, आमचं निम्मं काम हेच." फळी हातानं दाबून बघायची, स्क्रू आत वर आलाय का, काचेला तडा आहे का, दाराची कडी बसते का. खेळाडूंच्या बाकाचं दार बर्फाकडं उघडत नाही, बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणजे वेगात आलेला माणूस अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर आदळत नाही. आतली बाजू गुळगुळीत, टेकू-सांधे सगळे बाहेर. हे ऐकताना मला आमच्या आत मारलेल्या गाठी आठवल्या.

त्यांनाही हे फुकट सुचलेलं नाही. २००२ साली अमेरिकेत कोलंबसला चकती काचेवरून उडाली आणि प्रेक्षकांतली तेरा वर्षांची मुलगी गेली. त्यानंतरच्या सीझनपासून तिकडच्या मोठ्या लीगनं दोन्ही टोकांना जाळ्या सक्तीच्या केल्या. आपल्याकडं २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला सुमारे ३०० माणसं चेंगरून गेली. गर्दी काय करू शकते, हे सातारा जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.

परवानगीच्या अर्जात बैलांची तपासणी, डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, धावपट्टीची लांबी असं सगळं विचारतात, आणि ते विचारायलाच हवं. पण कागदावर "बॅरिकेडिंग केले आहे" एवढ्यावर भागतं. कुणी केलं, दर फेरीनंतर कोण बघणार, सैल निघालं तर शर्यत थांबवायचा अधिकार कुणाला, याबद्दल अवाक्षर नाही. झेंडा पंचाच्या शब्दाला जसं वजन असतं, तसं या माणसाच्या शब्दाला हवं. त्यानं हात वर केला की झेंडा पडायचा नाही, मग स्टेजवर कुणीही असो.

यंदा कमिटीच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या: कुंपणाच्या दोन रांगा, मध्ये मोकळी पट्टी, गाठी बाहेरच्या बाजूला, आणि एका बाजूला एक माणूस, नावानिशी. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरीवर एकजण म्हणाला, "दिवसभर कुंपणाकडं बघत कोण बसणार राव, शर्यत बघायची सोडून?"

डावी बाजू मी घेतली आहे. पहार आणि पक्कड घरची आहे. उजव्या बाजूला अजून कुणी तयार नाही. गावातलं कुणी हे वाचत असेल तर फोन करा.