एसेमेस, बटण आणि दीड हजार रुपये

"मी रिॲलिटी शो बघतच नाही" असं ठणकावून सांगणारी माणसं मला फार आवडतात. कारण पुढच्या पाच मिनिटांत हीच माणसं सूरज चव्हाणला ट्रॉफी कशी मिळायला नको होती यावर चहा गार होईपर्यंत बोलतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन संपला तेव्हा आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर सरळ दोन तट पडले. एक म्हणे, बारामती तालुक्यातलं गरिबाघरचं पोरगं जिंकलं, बरं झालं. दुसरा म्हणे, ही नुसती सहानुभूतीची मतं, यात 'गेम' कुठाय? आणि उपविजेता कोण, तर अभिजीत सावंत! २००५ मध्ये अख्ख्या देशाने एसेमेस करकरून ज्याला पहिला इंडियन आयडॉल केला, तोच. जनता जनार्दनाच्या कृपेची गॅरंटी किती वर्षांची असते, हे त्याला आता आपल्यापेक्षा जास्त कळलं असणार.

बरं, दीडच महिन्यात, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान झालं. महायुतीला २८८ पैकी २३० च्या आसपास जागा मिळाल्या. टपरी तीच, माणसं तीच, आणि गंमत म्हणजे वाक्यंसुद्धा जवळजवळ तीच. फक्त 'सहानुभूती'च्या जागी 'लाडकी बहीण' आली. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. आपल्याला नक्की कोणतं मत 'खरं' वाटतं?

आधी टीव्हीवरचं मत घेऊ. एसेमेसच्या जमान्यात एक माणूस हवी तेवढी मतं देऊ शकायचा, फक्त बॅलन्स पाहिजे. साध्या मेसेजपेक्षा जास्त पैसे कापले जायचे. म्हणजे ज्याच्या खिशात जास्त, त्याची मतं जास्त. सॉफ्टवेअरवाल्याच्या भाषेत सांगायचं तर 'एक युजर, एक मत' ही कंडिशनच कोणी टाकली नव्हती. आणि हा बग नव्हता हो, बिझनेस मॉडेल होतं!

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे २००७ चा तिसरा इंडियन आयडॉल. शेवटी दोघे उरले. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. प्रशांत कोलकाता पोलिसात शिपाई होता. त्याच्यासाठी दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढून एसेमेस केले. या प्रचारात पुढे होते बिमल गुरुंग नावाचे स्थानिक पुढारी. तिथले तेव्हाचे सर्वेसर्वा म्हणजे सुभाष घिशिंग, १९८० च्या दशकातल्या गोरखालँड आंदोलनाचे नेते. त्यांनी या सगळ्यात फार रस घेतला नाही. सप्टेंबरात प्रशांत जिंकला. मग दिल्लीतल्या एका रेडिओ जॉकीने गोरखा आणि चौकीदार या छापाची टिंगल केली, सिलिगुडीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. आणि ऑक्टोबर २००७ मध्ये गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला. पुढच्या काही महिन्यांत घिशिंग यांना खुर्ची सोडावी लागली. २००९ च्या लोकसभेला याच मोर्चाच्या पाठिंब्यावर भाजपचे जसवंत सिंह तिथून निवडून आले. २०१२ मध्ये तिथे नवीन स्वायत्त प्रशासन आलं, त्याचे प्रमुखही गुरुंगच.

म्हणजे बघा, गाण्याच्या स्पर्धेसाठी जमवलेली माणसं, वर्गणी, गल्लोगल्लीची यादी, सगळं तयारच होतं. फक्त वरचा बोर्ड बदलायचा होता.

आणि शिलाँगमध्ये? अमित पॉल बंगाली. त्या शहरात खासी आणि 'बाहेरचे' यांच्यात कित्येक वर्षांचा तणाव. पण त्या काही महिन्यांत खासी पोरंही 'आपला अमित' म्हणून त्याच्या पाठीशी उभी राहिली. तोच शो, तोच सीझन. एका डोंगरावर 'आम्ही वेगळे' हे पक्कं झालं, दुसऱ्यावर काही काळ का होईना 'आपण सगळे' झालं. त्यामुळे "रिॲलिटी शो म्हणजे टाइमपास" असं कोणी म्हटलं की मला दार्जिलिंग आठवतं. टाइमपासासाठी कोणी वर्गणी काढत नाही. ज्यांना एरवी कोणी विचारत नाही, त्यांना मोजलं जाण्याची भूक असते. ती एसेमेसने भागत असेल तर एसेमेस, बटणाने भागत असेल तर बटण.

आता दीड हजारांकडे येऊ. आमच्या फ्लॅटवर पोळ्या करायला मावशी येतात. जुलै २०२४ मध्ये त्यांनी फॉर्म भरला आणि त्यांच्या खात्यात पैसे यायला लागले. (आधार लिंक करून द्यायचं काम अर्थातच माझं. "तुमी कम्पुटरवाले ना?") निकालानंतर आमच्या टीममधला एकजण म्हणाला, "आपल्या टॅक्सच्या पैशात मतं विकत घेतली राव." मीही मान डोलावणारच होतो. योजनेबद्दल माझ्याही शंका आहेतच. निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईत आलेली, तिजोरीचा हिशोब नंतर बघू छापाची ही योजना. वर प्रचारात २१०० चं आश्वासन.

पण मग आला १ फेब्रुवारी २०२५ चा केंद्रीय अर्थसंकल्प. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत टॅक्स शून्य! त्या दुपारी ऑफिसात काम झालं नाही. जो तो एक्सेल उघडून आपले किती वाचले ते बघत होता. चार दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, दिल्ली विधानसभेचं मतदान होतं. तिथल्या नोकरदारांनी मतं विकली असं काही आमच्या टपरीवर ऐकू आलं नाही. 'रेवडी' हा शब्दही नाही. वर्षाला ऐंशी हजारांपर्यंत वाचले तर तो 'मध्यमवर्गाला न्याय' आणि अठरा हजार मिळाले तर ती 'भीक', हे गणित मला तरी जमत नाही. दोन्हींवर टीका करा, चालेल. दोन्हींचं समर्थन करा, तेही चालेल. पण निकष एकच लावा की राव!

मी मावशींना सरळ विचारलं, "पैशासाठी मत दिलंत का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "पैसे तर सगळेच देतो म्हनत होते. यांनी आधी दिले." यापेक्षा नेमकं विश्लेषण मी कुठल्याच चॅनेलवर ऐकलं नाही.

आणि आता खरा मुद्दा. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकचेऱ्या या सगळ्यात निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. म्हणजे जवळजवळ चार वर्षं या एवढ्या मोठ्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक होते. आमच्या सोसायटीत कुणाला पत्ताही नव्हता. पाणी आलं नाही की टँकर मागवायचा, बिल मेन्टेनन्समध्ये टाकायचं, संपलं. मावशींच्या वस्तीत मात्र पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. तिथे नळाला पाणी नाही आलं तर ज्याच्या दारात जाऊन बसायचं, तो माणूसच पदावर नव्हता. त्यांच्यासाठी नगरसेवक म्हणजे कस्टमर केअर. तो नंबरच चार वर्षं बंद.

शेवटी मतदान आलं ते संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. सुट्टी. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवसांचा वीकेंड. आमच्या टीममधले कोण कोण अलिबागला गेले ते सांगत नाही. मावशींनी पोळ्यांना दांडी मारली, कारण रांग मोठी होती. बहुतेक प्रभागांत चार-चार जागा, म्हणजे प्रत्येकाला चार मतं. टीव्हीवरच्या सारखं हवी तेवढी नाही, आणि पैसे असले म्हणून पाचवं नाही. त्या रांगेत मी आणि मावशी अगदी सारखे. आठवड्यातली अशी दुसरी कुठलीही जागा मला सांगता येणार नाही.

माझ्यासारखे बाहेरगावहून आलेले बरेचजण म्हणतात, "आपलं मत गावाकडे आहे रे." मग गावाकडेही जात नाहीत. पाणी इथलं पितो, ट्रॅफिकला शिव्या इथल्या घालतो, मत मात्र तिकडे पडून. नाव इकडे आणायला आठ नंबरचा फॉर्म असतो, मोबाईलवरूनही भरता येतो. बिग बॉसला मत द्यायला ॲप टाकून लॉगिन करण्याइतकाच ताप आहे, जास्त नाही.

असो. बरंच लांबलं. टँकरवाल्याचा फोन येतोय, खाली जाऊन वॉचमनला सांगायला पाहिजे.