बोल्टाचा ताण आणि तारेचा पीळ

कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी पुण्याची अभियांत्रिकी महाविद्यालये जी एकआसनी गाडी स्वतः आखून, स्वतः वेल्डिंग करून उभी करतात, ती रवाना होण्यापूर्वी एकवार तपासून देण्याचे काम पुष्कळदा माझ्याकडे येते. आणि इंजिन कोणते, वजन किती, वेग किती, ही पृच्छा पुढे केव्हाही करता येते असे समजून मी प्रथम हातात बॅटरी घेऊन पुढच्या चाकाशी बसतो आणि तेथले बोल्ट पाहतो.

नियमावलीचे या बाबतीतले फर्मान स्पष्ट आहे. मूळ सांगाडा, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि चालकाचे पट्टे यांतील प्रत्येक बोल्ट किमान ८.८ प्रतीचा असावा, लॉकनटाच्या बाहेर किमान दोन पूर्ण आटे दिसावेत, आणि नट आपोआप फिरू नये यासाठी यांत्रिक बंदोबस्त असावा. लॉकटाइटसारख्या द्रावाला या बंदोबस्तात जागा नाही, हे मुलांना अन्यायाचे वाटते. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३च्या सुमारास सिद्ध केलेला, हवा तुटली आणि धातू भेटला की घट्ट होणारा हा पदार्थ खरोखर गुणी आहे, आणि मीही तो वापरतो. परंतु आट्यांत तेल राहिले होते काय, द्राव पुरता भिनला काय, याचा दाखला बाहेरून पाहणाऱ्याला मिळत नाही, आणि जे पाहता येत नाही ते तपासणाराने मंजूर कसे करावे?

स्प्रिंग वॉशरवरील भरवसा मात्र निराधार आहे. बोल्ट पुरता आवळला की हा वॉशर सपाट होतो आणि मग साध्या वॉशरहून अधिक काही करीत नाही, असे नासाच्या १९९०च्या बोल्टविषयक हस्तपुस्तिकेत नमूद आहे. तरीही पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेल्या बोल्टांच्या प्रत्येक पुडीत तो असतोच. या हस्तपुस्तिकेच्याही आधी, १९६९ मध्ये, गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले होते की बोल्ट सुटतो तो मुख्यतः त्याच्या अक्षाला आडव्या होणाऱ्या हालचालीने: जोडलेले दोन तुकडे एकमेकांवरून आडवे सरकू लागले म्हणजे आट्यांतील आणि डोक्याखालील घर्षण फिरण्याच्या दिशेने जणू नाहीसे होते, आणि ज्या ताणाने सांधा धरून ठेवायचा तोच ताण नटाला आट्यांच्या उतारावरून खाली लोटतो. म्हणून खरा इलाज नटाला बांधण्यात नसून, तुकडे सरकणारच नाहीत इतक्या ताणाने सांधा आवळण्यात आहे.

हा ताण म्हणजे किती, याची कल्पना मुलांना क्वचितच असते. ८.८ प्रतीचा ८ मिलिमीटरचा बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरने आवळला असता त्यात दीड टनाहून अधिक भाराइतका ताण उत्पन्न होतो. आणि पकड, म्हणजे डोके व नट यांच्यामध्ये आवळल्या जाणाऱ्या तुकड्यांची जाडी, ३० मिलिमीटरची असेल, तर एवढ्या ताणाने तो लांबतो जेमतेम ६ शतांश मिलिमीटर. सांध्याचे सारे बळ या ६ शतांशांत साठलेले असते. आता सस्पेन्शनच्या पातळ पत्र्याच्या कानांवर, गाडी देखणी दिसावी म्हणून, जे पावडर कोटिंग हौसेने चढवलेले असते, त्याची जाडी ६ ते १० शतांश मिलिमीटर, आणि तेही नटाखाली हळूहळू दबणारे. तेथे पकड आखूड असल्याने बोल्टाचे लांबणे याहूनही कमी असते. रंग थोडा बसला की नट तसूभरही न फिरता ताण नष्ट होतो. ‘सर, हलवूनसुद्धा हलत नाही,’ असे एका मुलाने मला मोठ्या खात्रीने सांगितले, तेव्हा मी त्याला तो नट काढावयास लावला. खाली रंगाची गोल चकती चेपून चकचकीत झालेली होती, आणि तिच्या कडेला बाहेर सरकलेल्या रंगाची बारीक कड उभी राहिली होती. नट आणि डोके टेकते तेवढी जागा रंगाविना ठेवावी, एवढीच ही गोष्ट. पण ती कोटिंगवाल्याला आधी सांगितली, तरच घडते.

तारेचे काम याच्या नंतरचे. ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट डोक्याला आरपार भोके पाडलेले असतात. त्यांतून साधारण ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार ओवून दुहेरी पिळायची, दर इंचास ६ ते ८ पीळ, आणि दुसऱ्या बोल्टाकडे अशी न्यायची की एक सैल होऊ लागला तर तारेने दुसरा आवळण्याच्या दिशेने ओढला जावा. तार उलट बाजूने नेली तर ती नुसती शोभा, आणि उजव्या आट्यांच्या दोन बोल्टांमधली तार इंग्रजी एस अक्षरासारखी तिरपी जात नसेल तर ती मी तत्काळ कापायला सांगतो. पक्कडीने अति पिळलेली तार पिळापाशीच ठिसूळ होऊन तुटते. शेवटचे टोक आत वळवून ठेवावे, नाहीतर पुढच्या तपासणाराचे बोट फाडते. इतके करूनही तार ताण टिकवत नाही, ती केवळ बोल्टाला निसटून पडू देत नाही, ही तिची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. ढिला झालेला बोल्ट तारेने जागच्या जागी राहिला, तरी सांधा सरकतच राहतो आणि बोल्ट वाकून वाकून अखेर थकव्याने तुटतो.

नायलॉनच्या कड्याचे नट सोयीचे खरे, परंतु सुमारे १२० अंशांपलीकडे नायलॉन मऊ पडते, म्हणून एक्झॉस्टजवळ किंवा ब्रेकच्या डिस्कशेजारी त्यांना मुभा देऊ नये. तेथे सर्वधातूचे लॉकनट घालावेत. नायलॉनचा जो नट आट्यांवरून बोटांनी फिरतो, त्याची पकड संपली. तो डब्यात परत ठेवण्याचा आपल्याकडील शिरस्ता, काटकसर म्हणून कितीही समजण्याजोगा असला, तरी मोडलाच पाहिजे.

आवळून झाल्यावर बोल्टाच्या टोकावरून नटावर आणि नटावरून कानावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी, आणि आवळणारा व रेघ ओढणारा निराळा असावा, म्हणजे दोघांच्या नजरेखालून तो बोल्ट जातो. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पण नट न फिरता जो ताण जातो त्याची वर्दी रेघ देत नाही, म्हणून पहिल्या सरावानंतर गाडी थंड होऊ द्यावी आणि प्रत्येक महत्त्वाच्या सांध्याला, रेघ शाबूत असली तरीही, टॉर्कचा पाना पुन्हा लावावा. जेथे पाना ठरल्या आकड्याला टिचकी देण्याआधी नट पुढे सरकतो, तेथे नुसते आवळून पुढे न जाता सांधा उघडावा आणि खाली काय दबले ते पाहावे.