ढग तालुक्यावर, पाणी ओढ्यात

'जुन्नर तालुक्यात मेघगर्जनेसह मुसळधार पावसाची शक्यता' हे वाक्य हवामानशास्त्रज्ञ म्हणून मी अनेकदा लिहिले आहे. त्याने माझे समाधान होत नाही. पावसाळाभर धुक्यात बुडालेला नाणेघाट याच तालुक्यातला आणि जुलैतही आभाळाकडे डोळे लावून बसणारा बेल्हे परिसरही याच तालुक्यातला. नारायणगाव या दोहोंच्या मध्ये.

घाटातल्या मोसमी पावसाचा अंदाज दोन-तीन दिवस आधी देता येतो. समुद्रावरचे वारे सह्याद्रीला धडकतात आणि पाऊस तासन्‌तास लागून राहतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्याआधी असाच पाऊस लागून राहिला होता. वळवाचा आणि परतीचा पाऊस मात्र दुपारी दोनला कुठेच नसतो आणि चारला ओढा भरून टाकतो. गडगडाटी ढगाचे आयुष्य साधारण तासाभराचे. त्यामुळे तीन तासांपर्यंतच्या अंदाजाची, नाऊकास्टची, आमच्याकडे स्वतंत्र पद्धत आहे. रडारवर ढग कुठून कुठे सरकला ते पाहायचे आणि तो पुढे कुठे पोहोचेल ते सांगायचे.

खरी अडचण नव्याने जन्मणाऱ्या ढगांची. पाऊस कोसळताना ढगातली थंड हवा खाली येऊन जमिनीवर पसरते. सरीच्या आधी शेतात अंगावर येतो तो गार वारा हाच. समोरची उष्ण, दमट हवा तो उचलतो आणि तिथे नवा ढग उभा राहतो. वरच्या थरातले वारे मंद असले, की हे सारे एकाच शिवारावर घडत राहते. मला धास्ती असते ती अशा ठिय्या मारलेल्या ढगांची.

त्यात रडार दूर. मुंबईतल्या कुलाब्याचे रडार नारायणगावपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. क्षितिजापासून अर्धा अंश वर सोडलेली त्याची लहर, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, इथे पोहोचेपर्यंत समुद्रसपाटीपासून जवळजवळ दोन किलोमीटर उंच गेलेली असते. ढगाचा वरचा भाग दिसतो, जमिनीलगतचा पाऊस निसटतो. जवळच खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना आकाशाकडे रोखलेल्या आहेत, पण त्या दूरच्या तारकाविश्वांचे रेडिओ संकेत टिपतात. हवामानाचे रडार जवळपास उभारायचे, तर त्या दुर्बिणीला लागणारी रेडिओ-शांतता आधी जपावी लागेल.

म्हणून माझा भर पर्जन्यमापकावर आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की आम्ही त्याला जोरदार पाऊस म्हणतो. तेवढाच पाऊस दिवसभर झिरपत पडला तर कांद्याच्या वाफ्यात पाणी साचेल. पाऊण तासात पडला तर फरशी पूल बुडेल. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासात ५० मिलिमीटर पडले, म्हणजे पाच लाख घनमीटर पाणी झाले. त्यातले निम्मेच वाहिले आणि तासाभरात ओढ्याला आले, तरी सेकंदाला सुमारे ७० घनमीटरचा लोंढा. ढगफुटीची आमची अट तासाला १०० मिलिमीटरची. ओढ्याला पूर यायला त्याच्या निम्म्यातही भागते. आदल्या दिवशीच्या पावसाने काळी जमीन तुडुंब असेल, टोमॅटोच्या गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर असेल, तर वाहणारे पाणी आणखी वाढते.

महावेध या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळागणिक आहेत आणि दर दहा मिनिटांची नोंद देतात. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुरू केलेली आकस्मिक पुराची दक्षिण आशियाई प्रणाली जमिनीतला ओलावा धरून पुढच्या सहा तासांचा धोका लहान पाणलोटागणिक काढते. या दोहोंच्या मध्ये गावाची एक यादी हवी: प्रत्येक फरशी पूल, त्यावर येणारा ओढा, त्याचे पाणलोट आणि कोरड्या व ओल्या जमिनीवर अर्ध्या तासात किती पाऊस झाला की पाणी पुलावरून जाते तो आकडा. पुराच्या खुणा पुलांच्या कठड्यांवर दिवाळीपर्यंत टिकतात, तेव्हा मोजणी त्याआधीच करावी. त्यानंतर पोलीस पाटलांच्या फोनवर जाणाऱ्या संदेशात तालुक्याऐवजी ओढ्याचे नाव लिहिता येईल आणि पुढचा तास त्या फरशीवरून ट्रॅक्टर घालू नका, असे स्पष्ट सांगता येईल.