सराई जुलेना ते पणजी

दक्षिण दिल्लीत ओखल्याच्या वाटेवर सराई जुलेना नावाची वस्ती आहे. मोठी रुग्णालये, त्यांच्या समोर औषधांची दुकाने आणि दिवसभर न हटणारी रिक्षांची रांग, असे तिचे आजचे रूप. नाव मात्र जुलियाना दियाश दा कोश्ता या पोर्तुगीज वंशाच्या बाईचे आहे. औरंगजेबाचा मुलगा मुअज्जम १७०७ मध्ये बहादूरशाह या नावाने गादीवर आला, तेव्हा त्याच्या दरबारात जुलियानाचे वजन मोठे होते. गोव्याचे पोर्तुगीज आणि व्यापारासाठी आलेले डच, दोघेही बादशहाकडची आपली कामे तिच्यामार्फत पुढे सरकवत. दिल्लीहून पणजीला जाणाऱ्याने प्रवासाची सुरुवात इथून मानायला हरकत नाही. हजरत निजामुद्दीन स्टेशन इथून काही किलोमीटरवरच आहे.

निजामुद्दीनहून मडगावला जाणारी राजधानी एक्स्प्रेस कोटा, वडोदरा, पनवेल, रत्नागिरी अशी साधारण १,९०० किलोमीटर धावते आणि एका दिवसाहून थोडा अधिक वेळ घेते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यातून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी कोकणातल्या लख्ख उन्हात शिरते. रोह्यापासून पुढचा मार्ग कोकण रेल्वेचा. ७४० किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे सुरू झाला. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे, तर पानवलचा पूल ६४ मीटर उंच. त्याआधी दिल्लीहून गोव्याला रेल्वेने जायचे म्हणजे घाटावरून मिरज, लोंढा असा वळसा पडत असे. कोकणाची किनारपट्टी सह्याद्रीने देशापासून तोडलेली आहे, आणि गोव्याचा इतिहास पुष्कळसा या तुटलेपणातून घडला आहे. गोव्याला जाग यायची ती समुद्राकडून. घाट उतरून येणाऱ्या सैन्याची मात्र दमछाक होत असे.

मडगावच्या थोडे आधी करमळी स्टेशन लागते. जुने गोवे इथून अगदी जवळ आहे. राजधानीने येणाऱ्याला मडगावला उतरून कदंब महामंडळाच्या बसने पणजी गाठावी लागते आणि तिथून जुन्या गोव्याला मागे यावे लागते. क्रमाने पाहायचे तर आधी जुने गोवेच पाहावे, कारण पणजी ही त्या शहराच्या ओसाडीतून उभी राहिलेली नगरी आहे.

मांडवीच्या काठावरचे हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये ते घेतले, काही महिन्यांत गमावले आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकले. पुढची सुमारे अडीचशे वर्षे पूर्वेकडच्या पोर्तुगीज साम्राज्याचा कारभार इथून चालला. आज शहर उरलेले नाही. मोकळ्या हिरवळीवर अंतराअंतराने उभी असलेली प्रचंड चर्चे तेवढी आहेत. १९८६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांतले सर्वांत गजबजलेले बॉम जिझस चर्च १५९४ मध्ये बांधायला घेतले आणि १६०५ मध्ये पूर्ण झाले. गोव्यातली इतर चर्चे चुन्याने पांढरीशुभ्र, हे एक उघड्या जांभ्या दगडाचे. मुळात त्यावरही गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकण्यात आला. आता पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस थेट त्या सच्छिद्र दगडावर कोसळतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, पण पाणी त्याला हळूहळू पोखरते. म्हणूनच कोकणात चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचे कवच देण्याची रीत पडली.

आत संत फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. तिचा चौथरा रंगीत संगमरवराचा असून त्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग ब्राँझमध्ये कोरले आहेत. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने तो तस्कनीच्या ग्रँड ड्यूकसाठी घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. वरची चांदीची पेटी मात्र सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-आममध्ये बादशहाच्या आसनामागे काळ्या पाषाणात रंगीत दगड बसवलेले फलक आहेत. त्यांतल्या एकावर वाद्य वाजवणारा ग्रीक ऑर्फियस दिसतो. हे फलकही फ्लॉरेन्सच्या धाटणीचे मानले जातात. ऑर्फियसचा फलक १८५७ नंतर लंडनला नेला गेला आणि कर्झनच्या काळात परत आला. एकाच शहराची कारागिरी दिल्लीत तख्तामागे लागली आणि गोव्यात समाधीखाली.

या समाधीशी मराठ्यांच्या इतिहासातला एक प्रसंग जोडलेला आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने गोव्यालगतचे जुवे बेट घेतले. फोंड्याहून मार खाऊन परतलेल्या पोर्तुगीजांपाशी शहर राखायला पुरेसे बळ नव्हते. व्हाइसरॉय काउंट आल्व्होर बॉम जिझसमध्ये गेला, संताची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड त्याच्यापुढे ठेवला. शहर वाचले, त्यामागे आणखी एक कारण होते. औरंगजेबाने पाठवलेली मोठी मोगल फौज घाट उतरून कोकणात येत होती आणि मराठ्यांना मागे फिरावे लागले. त्या फौजेचा सेनापती शाहजादा मुअज्जम, म्हणजे ज्याच्या दरबारात पुढे जुलियानाचा शब्द चालला तोच. डिचोलीपर्यंत पोचलेल्या त्याच्या सैन्याचे पुढे उपासमारीने आणि रोगराईने फार हाल झाले.

रोगराईनेच शेवटी जुने गोवेही संपवले. दूषित विहिरी, तापाच्या साथी आणि गाळाने भरत चाललेले नदीपात्र यांमुळे लोक शहर सोडू लागले. श्रीमंतांनी आधी वाट धरली ती नदीच्या मुखाकडे. जुने गोवे आणि पणजी यांच्यामध्ये दलदल आणि मिठागरे होती. तिथून व्हाइसरॉय काउंट लिन्यारिशने १६३०च्या दशकात तीन किलोमीटरहून लांब दगडी बांध घातला. रायबंदरहून पणजीकडे येणारी वाहने आजही त्याच बांधावरून जातात. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरे.

१५१० च्या सुमारास पणजीत आदिलशाहाचा नदीकाठचा तटबंद वाडा आणि कोळ्यांची थोडी घरे एवढेच होते. तो वाडा पोर्तुगीजांनी डागडुजी करून वापरात ठेवला आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयने तिथेच मुक्काम हलवला. पुढे सचिवालय, मग गोवा विधानसभा, अशी त्याची कामे बदलत गेली. विधानसभा २००० मध्ये पर्वरीला गेली. चार भिंती विजापूरच्या, छप्पर आणि खिडक्या पोर्तुगीज वळणाच्या, असा हा वाडा पणजीतली सर्वांत जुनी इमारत आहे. शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि संमोहन ही करणाऱ्याची दैवी शक्ती नसून समोरच्या माणसाच्या मनाचा व्यापार आहे, असे मांडले. झोकून पुढे झुकलेला फारिया आणि त्याच्यापुढे मागे कलंडणारी स्त्री, असा हा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवला.

शहराची आखणी झाली ती एकोणिसाव्या शतकात. गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू याने १८२७ ते १८३५ या काळात दलदल बुजवली, सरळ रस्ते आखले, लष्करी बराकी बांधल्या. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. टेकडीच्या उतारावरचे इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च मूळ १५४१ चे, १६१९ मध्ये मोठे केलेले. बंदरात उतरणारे खलाशी इथे येऊन सुखरूप पोचल्याबद्दल प्रार्थना करत. समोरचा नागमोडी जिना नंतरचा, घंटाही नंतरची. ही प्रचंड घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली. मठ ओस पडला आणि १८७१ मध्ये घंटा इथे आली. जुन्या शहरातून देवघरातल्या वस्तू काढून नव्या घरी न्याव्यात, तसे हे स्थलांतर झाले.

फोंतेन्यश या वस्तीतही असाच एक ऐवज आहे. सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलमधला क्रूस मुळात धर्मसमीक्षण न्यायालयाच्या वाड्यात होता. १५६० मध्ये सुरू झालेले हे न्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. क्रूस आदिलशाहाच्या वाड्यात आला आणि १९१८ मध्ये चॅपेलमध्ये. क्रुसावरच्या ख्रिस्ताचे डोळे सहसा मिटलेले असतात. इथे ते उघडे आहेत.

फोंतेन्यश म्हणजे झऱ्यांची वस्ती. आल्तिन्यो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून हे नाव पडले. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरून माणसे सहज बोलू शकतील. चर्चांना पांढरा रंग आणि घरांना दुसरा, या जुन्या दंडकामुळे घरे गेरू, हळद आणि निळीच्या रंगांनी रंगवलेली. खिडक्यांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या. पावसाळा भिंती काळवंडून टाकतो, म्हणून तो ओसरला की रंगाऱ्यांच्या शिड्या भिंतींना लागतात. भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौले, पुढे बसायला दगडी बाकांचे बाल्कांव. जुन्या घरांच्या खिडक्यांत काच नसते. चपट्या समुद्री शिंपल्या घासून, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने सरकवलेल्या असतात. प्रत्येक तुकडा तळहाताहून लहान. दुपारचे रणरणते ऊन त्यातून आत येते ते ताकासारखे पांढुरके होऊन. उजेड मिळतो, धग बाहेर राहते. आराखडा भूमध्य समुद्राकडचा, सामान सगळे कोकणच्या किनाऱ्याचे.

याउलट मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत सामानही परदेशी आहे. प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या फरशा आहेत. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले समुद्रप्रवासाचे प्रसंग त्यांवर रंगवले आहेत. चित्रकार झोर्झ कोलासो, साल १९३५. पोर्तो शहराच्या साँ बेंतू रेल्वेस्टेशनातल्या प्रसिद्ध फरशा त्याच्याच हातच्या.

नव्या काळातली पणजी कांपालला दिसते. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली कला अकादमी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाली. इमारत बसकी, खालून मोकळी वाट थेट मांडवीच्या काठापर्यंत जाते आणि वर उन्हाला गाळणारा मांडव. नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. दिल्लीकरांना कोरिया माहीत असतात ते कॅनॉट प्लेसच्या जीवन भारतीमुळे, १९८६ ची काचेची ती प्रचंड इमारत. दोन्ही एकाच वास्तुकाराच्या आहेत, हे सांगावे लागते. पणजीच्या राजकीय जीवनातही दिल्ली अशीच येऊन बसली. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली. त्यानंतर गोवा केंद्रशासित राहिला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी महाराष्ट्रात विलीन होणे नाकारले आणि ३० मे १९८७ रोजी गोव्याचे स्वतंत्र राज्य झाले. पूर्वी दिल्लीत भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत स्थिरावला. त्याचे केंद्र मांडवीकाठच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात आहे.

पणजीच्या पेयांची गोष्ट इमारतींसारखीच आहे. पोर्तुगीज द्राक्षांची वाइन पिणारे, पण गोव्याच्या दमट हवेत द्राक्षे धरत नाहीत. वाइन जहाजातून यायची आणि चर्चच्या विधीला व साहेबांच्या मेजाला पुरायची. आज गोव्यात बाटल्या भरल्या जातात त्या गोड, तांबड्या ‘पोर्ट वाइन’ची द्राक्षे घाटावरून येतात. पोर्ट हे नाव पोर्तो शहराचे. तिथल्या दोरू खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच आखून दिलेली आहे आणि खरी पोर्ट त्या हद्दीतल्याच द्राक्षांची. आंबवण अर्धवट असताना तिच्यात ब्रँडी मिसळतात, म्हणून ती गोड आणि कडक होते.

गोव्याचे स्वतःचे पेय काजूचे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. मूळ ठिकाणी या फळाची दारू गाळण्याची परंपरा रुजली नाही. गोव्यात माडाची दारू गाळणारे लोक आधीपासून होते, त्यांच्या भट्ट्यांवर हे फळ आले. फेब्रुवारी ते मे हा हंगाम. बोंडे झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेली वेचतात आणि बी पिरगळून वेगळी करतात. उतारावरच्या खडकात खोदलेल्या, कोळंबी म्हणतात त्या कुंडात ती पायांनी तुडवतात. शेवटी दाबाखाली आपोआप झिरपतो तो निरो; सकाळी थंडगार प्यायला हा चांगला. बाकीचा रस दोन-तीन दिवस फसफसू देतात आणि मग भट्टीवर चढवतात. पहिल्या वाफेतून निघते ती हुर्राक, सौम्य आणि हंगामापुरतीच. ती ताज्या रसात मिसळून पुन्हा गाळली की फेणी. फेण म्हणजे फेस. चांगली फेणी हलवली की तिच्यावर बुडबुडे टिकतात, त्यावरून हे नाव आले असे सांगतात. वास उग्र, मद्यांश साधारण ४२ टक्के. फोंतेन्यशच्या गल्ल्यांतल्या लहान तावेर्नांत एप्रिलच्या दुपारी हुर्राक मिळते, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून. पावसाळा लागला की ती संपते.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. पणजीच्या दुकानात फळीवर पोर्ट आणि फेणी शेजारी उभ्या असतात. पहिलीचे नाव पोर्तोचे आहे, द्राक्षे घाटावरची. दुसरीचे झाड ब्राझीलचे, पण फेणी हे नाव कायद्याने गोव्याबाहेर कोणाला आपल्या बाटलीवर लावता येत नाही.